काचपट्टीवरचा कांदा आणि कपाटातले यंत्र



कांदा आपल्या घरात रोज चिरला जातो. गरिबाच्या भाकरीचा तो हक्काचा सोबती. त्याच्या दोन पाकळ्यांमध्ये कागदापेक्षाही पातळ, ओलसर आणि आरपार दिसणारा एक पापुद्रा असतो. चिरताना तो बोटाला चिकटतो आणि आपण झटकून टाकतो. आजचा लेख या पापुद्र्याविषयी आहे. तो काचेच्या पट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला, तर सजीवांचे शरीर कशाचे बांधलेले असते या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर उभे राहते. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही की मोठी पदवी लागत नाही. लागतो तो उजेड, धीर आणि स्वत:च्या डोळ्याने पाहण्याची इच्छा.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरीने कारकून. विज्ञान शिकविणे हा माझा व्यवसाय नव्हे. तरीही या विषयाला हात घातला, कारण पेशीच्या शोधाचा इतिहास वाचताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. यंत्राला डोळा लावणारा माणूस कोण, कुठला, किती शिकलेला, हे यंत्र कधी विचारीत नाही. ते कुणाच्या हाती द्यायचे आणि कुणाच्या हाती द्यायचे नाही, हे मात्र माणसे ठरवितात.

बुचाच्या कापातील खोल्या

सन १६६५ ची गोष्ट. लंडन शहरात रॉयल सोसायटी ही विद्वानांची संस्था नुकतीच स्थापन झाली होती. सभासदांपुढे दर बैठकीत प्रयोग करून दाखविण्याच्या कामावर रॉबर्ट हूक हे तरुण शास्त्रज्ञ नेमलेले होते. बाटलीला लावतात ते बूच झाडाच्या सालीचे असते. ते इतके हलके का? पाण्यावर तरंगते का? दाबले की दबते आणि सोडले की पुन्हा फुगते, ते का? हूक यांनी चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून बुचाचा अतिशय पातळ काप काढला. काप पांढरट दिसणार म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला, भिंगाने त्यावर उजेड एकवटला आणि यंत्राला डोळा लावला. त्यांना मधाच्या पोळ्यासारख्या, एकमेकींना लागून असलेल्या असंख्य रिकाम्या कप्प्यांच्या रांगा दिसल्या. 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांनी याचे चित्र छापले आणि त्या कप्प्यांना 'सेल' असे नाव दिले. सेल म्हणजे लहान खोली. आपण मराठीत तिला पेशी म्हणतो.

ज्यांनी भाजे, कार्ले किंवा जुन्नर येथील लेणी पाहिली आहेत, त्यांना ही कल्पना ताबडतोब समजेल. मधोमध मोठे दालन आणि त्याच्या कडेने ओळीने खोदलेल्या, भिक्खूंना राहण्यापुरत्या छोट्या खोल्या. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या डोंगरात एका विहाराच्या तीन बाजूंना मिळून अशा वीस खोल्या आहेत. भिक्खूच्या अशा खोलीला इंग्रजीत 'सेल' हाच शब्द आहे. म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकात मुले जो शब्द घोकतात, त्याचे दगडातले रूप आपल्या पुणे जिल्ह्यात दोन हजार वर्षांपासून उभे आहे!

कारकुनाच्या नजरेने पाहता पुढची गोष्ट मला विशेष आवडते. हूक यांनी नुसते पाहिले नाही, तर मोजलेसुद्धा. एका इंचाच्या ओळीत सुमारे १०८० कप्पे बसतात असे त्यांनी काढले. तेव्हा एका चौरस इंचात १०८० गुणिले १०८०, म्हणजे ११ लाख ६६ हजार ४००. आणि एका घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार! ताळेबंद मांडावा तसा हा हिशेब त्यांनी ग्रंथात मांडून ठेविला आहे. बूच हलके का, याचे उत्तर या हिशेबातच आले. सारी जागा रिकाम्या खोल्यांनी व्यापलेली, मग वजन कोठून येणार?

पण बुचातील त्या पेशी मेलेल्या होत्या. भिंती उरल्या होत्या, आतला जीव केव्हाच गेलेला होता. जिवंत सूक्ष्म जीव जगापुढे आणले ते एका कापड दुकानदाराने.

कापड दुकानदाराची पत्रे

हॉलंड देशातील डेल्फ्ट या गावी अँटनी व्हान लीवेनहूक हे गृहस्थ राहत. जन्म १६३२ चा. लहानपणी कापडाच्या दुकानात उमेदवारी केली, पुढे स्वत:चे दुकान काढले. १६६० पासून गावच्या अधिकाऱ्यांच्या सभादालनाची देखभाल ठेवण्याची लहानशी नोकरीही त्यांना मिळाली. कॉलेजचे तोंड त्यांनी पाहिलेले नव्हते. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन, ती यांना येत नव्हती. कापडाचा पोत तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत असत. या भिंगाचाच त्यांना नाद लागला. स्वत:च्या हाताने त्यांनी शेकडो भिंगे तयार केली. त्यांचे यंत्र म्हणजे बोटभर लांबीची धातूची पट्टी आणि तिच्यात बसविलेले एकच इवलेसे भिंग. आज शिल्लक असलेल्या त्यांच्या यंत्रांपैकी सर्वांत चांगल्या यंत्रातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते.

१६७४ साली त्यांनी गावाजवळच्या तळ्यातील पाण्याचा थेंब पाहिला. त्यात हालचाल करणारे लहान जीव दिसले. १६७६ साली मिरी तिखट का लागते हे पाहावे म्हणून त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली. तिखटपणाचे कारण काही सापडले नाही, पण त्या पाण्यात त्याहूनही सूक्ष्म असे जीव वळवळताना दिसले. पुढे स्वत:च्या दातांवरचे किटण काढून पाहिले, त्यातही तेच! हे सारे ते लंडनला रॉयल सोसायटीकडे पत्राने कळवीत. तेही लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या मायबोलीत, डच भाषेत. ही पत्रे त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे लिहिली.

विद्वानांचा विश्वास बसला का? नाही बसला. कापड विकणारा माणूस सांगतो आणि आपण मानायचे? तेव्हा लीवेनहूक यांनी गावातील आठ प्रतिष्ठित व्यक्तींना बोलावून यंत्रातून दाखविले आणि त्यांच्या साक्षी लिहून पाठविल्या. लंडनमध्ये हूक यांनी १६७७ च्या नोव्हेंबर महिन्यात स्वत: मिरीचे पाणी तयार करून सभासदांना ते जीव दाखविले. १६८० साली त्याच संस्थेने या दुकानदाराला आपला सभासद करून घेतले. कुणाच्या शब्दावर विसंबू नये, प्रयोग करून पाहावे, अशा आशयाचे त्या संस्थेचे ब्रीदवाक्य आहे. धम्माचे गुण सांगताना आपण वंदनेत 'एहिपस्सिको' हा शब्द रोज उच्चारतो. ये आणि स्वत: पाहा, असा त्याचा अर्थ. यंत्राला डोळा लावणे म्हणजे दुसरे तिसरे काय आहे?

रेमाक यांचा हक्क

त्यानंतर बराच काळ ही प्रगती संथ राहिली. त्या वेळच्या भिंगांतून कडा धूसर आणि रंगीत दिसत. एकोणिसाव्या शतकात भिंगे सुधारली आणि शोधांना वेग आला. १८३१ साली रॉबर्ट ब्राऊन यांनी वनस्पतींच्या पेशीमध्ये असलेल्या ठिपक्याकडे लक्ष वेधले आणि त्याला नाव दिले. ते पेशीचे केंद्रक. १८३८ साली जर्मनीत श्लायडेन यांनी सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत असे प्रतिपादन केले. लगेच १८३९ साली श्वान यांनी प्राण्यांचे शरीरही पेशींचेच आहे असे दाखविले. म्हणजे बाभूळ असो, बैल असो की माणूस असो, बांधणीचा घटक एकच!

मग पेशी येते कोठून? श्लायडेन यांना वाटे की, खडीसाखर धरावी तशी ती आतल्या द्रवातून नव्याने तयार होते. रॉबर्ट रेमाक या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातील वाढत्या गर्भाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. एका पेशीची दोन शकले होतात आणि अशा रीतीनेच नवी पेशी जन्मते, हे त्यांनी १८५२ साली ठामपणे मांडले. पुढे १८५५ साली रुडॉल्फ व्हिर्शो यांनी हाच सिद्धांत मांडला. मात्र रेमाक यांचे ऋण त्यांनी मान्य केले नाही. पाठ्यपुस्तकांत नाव राहिले ते व्हिर्शो यांचे.

रेमाक हे ज्यू होते. त्या वेळच्या प्रशियाच्या राज्यात ज्यू माणसाला विद्यापीठात शिकविण्यास बंदी होती. फार खटपटीनंतर १८४७ मध्ये त्यांना बर्लिन विद्यापीठात व्याख्याता म्हणून घेतले गेले, परंतु पूर्ण प्राध्यापकपद अखेरपर्यंत मिळाले नाही. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले असते तर वाट मोकळी झाली असती. ते त्यांनी केले नाही. यंत्राने रेमाक यांचा धर्म विचारला नव्हता, तो विद्यापीठाने विचारला. हा प्रसंग वाचताना आपल्या वाचकांना आणखी काही समजावून सांगण्याची गरज नाही.

पुण्याची एक मुलगी

हे सारे दूर युरोपात घडले, आपल्याकडे काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर पुण्यातच आहे. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात कमल समर्थ या मुलीचा जन्म झाला. वडील दिनकरराव समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीही शिकल्या पाहिजेत असा त्यांचा आग्रह. कमलताई हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. मुलीने डॉक्टर व्हावे असे वडिलांच्या मनात होते, परंतु त्यांचा ओढा वनस्पती आणि पेशींकडे होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून त्यांनी १९४३ साली एम. एस्सी. केले, त्याचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि त्यांतील गुणसूत्रे. आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सीताफळ सासवडच्या बाजारातून मुंबईला जाते, ते खाताना यापुढे ही गोष्ट आठवावी.

लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या. मुंबईत डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत बाल्टिमोर येथे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढविण्याचे तंत्र त्या शिकल्या आणि मायदेशी परतल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी अशा प्रकारची देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्त्रियांच्या स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या संबंधाकडे त्यांनी लक्ष वेधले. विज्ञानात काम करणाऱ्या स्त्रियांची संघटना १९७३ साली स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

या मुलीला वडिलांनी यंत्रापाशी जाऊ दिले, म्हणून हे घडले. ज्या घरात वडील प्राध्यापक नाहीत, आई ऊसतोडीला जाते, त्या घरातील मुलीला यंत्रापाशी कोण नेणार?

डेडस्टॉक रजिस्टरमधील नोंद

आमचे वडगाव निंबाळकर हे बारामती तालुक्यातील गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, त्यामुळे उसाचा भाग. शाळा गावोगावी आहेत, मुले-मुली शिकतात, दहावीचे निकालही चांगले लागतात. कारकुनी कामात डेडस्टॉक रजिस्टर हा प्रकार मला वारंवार हाताळावा लागतो. टेबले, खुर्च्या, कपाटे, घड्याळे असा सारा जडसंग्रह त्यात नोंदविलेला असतो. परिसरातील एका शाळेच्या अशाच रजिस्टरमध्ये 'सूक्ष्मदर्शक यंत्र, नग २' अशी नोंद माझ्या पाहण्यात आली. दरवर्षी पडताळणी होते, 'सुस्थितीत आढळले' असा शेरा पडतो, सही-शिक्का होतो आणि कपाटाला पुन्हा कुलूप लागते. मुलांना पेशीचे चित्र फळ्यावरून उतरवून घ्यावे लागते.

यात शिक्षकांचाच दोष आहे असे मी म्हणणार नाही. यंत्र फुटले तर भरपाई कुणी द्यायची, ही धास्ती त्यांच्या मनात असते. परंतु बंद कपाटातही यंत्र सुरक्षित राहत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि हाताळले नाही तर स्क्रू जाम होतात. वापरले तर कदाचित बिघडेल, न वापरले तर हमखास बिघडेल!

एका शिक्षकांनी स्वत:च्या जबाबदारीवर आम्हाला एक यंत्र रविवारच्या अभ्यासवर्गासाठी दिले. विहाराच्या ओट्यावर टेबल मांडले. मुलांनी घरून कांदा आणला. त्या दिवशी जे केले ते पुढे देत आहे, म्हणजे कोणत्याही गावात करता येईल.

प्रथम उजेड. यंत्राच्या तळाशी असलेला आरसा आकाशाच्या उजळ भागाकडे वळवावा. सूर्याकडे मात्र कधीही वळवू नये, डोळ्याला कायमची इजा होईल. वर डोळा लावायचे ते नेत्रभिंग आणि खाली वस्तूजवळचे ते वस्तुभिंग. नेत्रभिंग १० पटीचे आणि वस्तुभिंग १० पटीचे असेल, तर वस्तू १०० पट मोठी दिसते. वस्तुभिंग ४० पटीचे लावले तर ४०० पट. सुरुवात नेहमी लहान पटीपासून करावी. मोठ्या पटीत जागा थोडी दिसते आणि काय कोठे आहे ते सापडत नाही. गावात घर शोधायचे तर आधी आळी शोधावी लागते, तसेच हे.

मग कांद्याच्या रसदार पाकळीचा आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोलून काढावा. काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकून त्यात तो सपाट पसरावा, सुरकुती राहू देऊ नये. त्यावर टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकावा. आयोडिनने केंद्रक पिवळसर तपकिरी होऊन उठून दिसते. वरून पातळ काच ठेवताना ती एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणावी. एकदम टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेची वाटोळी वर्तुळे दिसली तर ती पेशी नव्हे, तो बुडबुडा! नवख्या माणसाला पहिल्यांदा बहुधा बुडबुडाच दिसतो. जास्तीचे पाणी टीपकागदाने टिपून घ्यावे.

आता बाजूने पाहत वस्तुभिंग काचेजवळ आणावे. नंतर नेत्रभिंगातून पाहत ते सावकाश वर न्यावे. वरून पाहत खाली नेले तर काच फुटते आणि भिंगाला चरा पडतो. दुसरा डोळा मिटू नये. दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची सवय झाली की डोळा थकत नाही. भिंग पुसायला पदर किंवा सदऱ्याचे टोक वापरू नये. स्वच्छ, मऊ, धुतलेले सुती कापड वेगळे ठेवावे.

पहिल्यांदा डोळा लावला तो सातवीतील एका मुलीने. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "काका, भट्टीवर कच्च्या विटा रचल्यात बघा!" तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला असतात. लांबट, एकमेकींना चिकटून रचलेल्या चौकटी आणि प्रत्येकीत एक ठिपका. पुस्तकातील आकृतीला दिलेली नावे तिला पाठ होती, पण ती आकृती म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी समजले. मग मुलांना उजेड पुरेना आणि वेळही पुरेना. उसाच्या कांड्याचा पातळ काप, कालव्याचे पाणी, सारे पाहून झाले.

शेवटी गालाच्या आतल्या पेशी पाहिल्या. स्वच्छ काडीने गालाच्या आत हलकेच घासून ते काचपट्टीवर पसरले आणि निळ्या रंगाचा थेंब टाकला. इथे विटा नाहीत, कारण वनस्पतीच्या पेशीसारखी जाड भिंत आपल्या पेशीला नसते. वेड्यावाकड्या कडांचे पातळ तुकडे आणि मधे निळा ठिपका दिसतो. गर्दी पाहून वस्तीतील एक आजी काठी टेकत आल्या. त्यांनीही पाहिले. एकामागून एक तिघांच्या पट्ट्या पाहिल्या आणि विचारले, "ह्यातलं कुणाचं कोणतं?" आम्ही म्हटले, "आजी, ते नुसतं बघून ओळखता येत नाही." आजी म्हणाल्या, "मग सोवळं-ओवळं कशावरनं ठरवत हुते रं?" या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकात नाही, एवढे खरे.

विळ्याच्या आकाराची पेशी

पेशी पाहणे हा केवळ मुलांच्या कुतूहलाचा विषय नाही. काही घरांत तो जीवन-मरणाचा प्रश्न आहे. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी वाटोळी, मधे चेपलेल्या बत्ताशासारखी असते. एका मिलिमीटरच्या लांबीत अशा सव्वाशेहून अधिक पेशी ओळीने बसतील. ती लवचिक असल्यामुळे बारीक नसांतून सहज जाते आणि साधारण १२० दिवस टिकते. १९१० साली शिकागो येथे डॉ. जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी आढळल्या होत्या. हाच सिकलसेल आजार. या पेशी ताठर असतात, नसांत अडकतात आणि १० ते २० दिवसांत नष्ट होतात. म्हणून रोग्याला रक्त कमी पडते, डोळे पिवळे होतात, आणि अंग व सांधे असह्य दुखतात.

हा आजार महाराष्ट्रात आहे. विदर्भाचा पूर्वभाग आणि सातपुड्याचा पट्टा येथे त्याचे प्रमाण जास्त. आदिवासी बांधवांत तो आहे, तसाच विदर्भातील आपल्या समाजातही आहे. मूल वारंवार दुखण्याने तळमळते, पिवळे पडते आणि घरचे लोक करणी समजून देवऋषाकडे धाव घेतात. पाप, शाप, करणी यांचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही. तो आईबापांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक होते, त्याला सहसा काही त्रास होत नाही. उलट जीवघेण्या हिवतापापासून वाहकाला काहीसे संरक्षण मिळते. त्यामुळेच पूर्वी जेथे हिवताप फार होता तेथे हा दोष टिकून राहिला. परंतु आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रोगी निपजण्याची शक्यता चारात एक असते, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक.

तपासणी सोपी आहे. रक्ताच्या थेंबात एक रसायन मिसळून काच बंद करतात. प्राणवायू कमी झाला की दोष असलेल्या पेशी यंत्राखाली विळ्यासारख्या वाकताना दिसतात. मात्र यावरून वाहक कोण आणि रोगी कोण हे ठरत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी करावीच लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ सालापर्यंत हा आजार हटविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. आता वधू-वर मेळाव्यांतून पुणे-साताऱ्याकडील स्थळे नागपूर-भंडाऱ्याकडे जुळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. तेव्हा कुंडली पाहण्याचे आपण सोडले, तेथे रक्ताची तपासणी आणली पाहिजे. वाहक निघाला म्हणून कुणाला हिणवू नये, कुणाचे लग्न मोडल्याची बोंब करू नये. दोघेही वाहक असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन शांतपणे निर्णय घ्यावा.

काय करता येईल?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, त्यानुसार शाळांमध्ये व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालक बहुसंख्य असतात. आपल्यापैकी अनेकजण अशा समित्यांवर आहेत. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा: शाळेत सूक्ष्मदर्शक आहे का, आणि या वर्षात किती मुलांनी त्यातून पाहिले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. मुले हाताळत असताना यंत्र बिघडले तर शिक्षकाला जबाबदार धरले जाणार नाही, असा ठरावही त्याच बैठकीत करून द्यावा. निम्मी धास्ती तेवढ्याने जाईल.

जेथे यंत्र नाही तेथे तरुण मंडळांनी मनावर घ्यावे. विद्यार्थ्यांचे साधे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचा खर्च किती होतो, ते आपणा सर्वांस ठाऊक आहे! तेवढेही जमत नसेल तर कागदाचे यंत्र आहे. अमेरिकेतील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'फोल्डस्कोप' नावाचे घडीचे सूक्ष्मदर्शक जगापुढे ठेविले. कागदाच्या घड्या आणि त्यात बसविलेले मण्याएवढे एकच भिंग. वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. तत्त्व तेच, डेल्फ्टच्या कापड दुकानदाराचे!

मुलांनी जे पाहिले ते पेन्सिलीने वहीत काढावे आणि खाली तारीख, वस्तूचे नाव आणि किती पटीने पाहिले ते लिहावे. पुस्तकातील चित्र उतरवू नये. डोळ्याला दिसले तेवढेच काढावे, बुडबुडा दिसला तर बुडबुडा काढावा. आमच्या अभ्यासवर्गातील त्या मुलीच्या वहीत अशी नऊ चित्रे झाली आहेत. आपल्या गावातील वह्या कधी सुरू होतात ते अवश्य कळवा.